नव्या पोरांना आधी उभं कुठे राहायचं ते दाखवा

जुलै संपत आला की अमेरिकेतल्या हायस्कूलांच्या पार्किंग लॉटवर यार्ड लाइन, म्हणजे फुटबॉलच्या मैदानासारख्या दर पाच यार्डांवरच्या रेषा, आखल्या जातात आणि मार्चिंग बँडचा, म्हणजे मैदानावर चालत वाजवणाऱ्या बँडचा, कॅम्प सुरू होतो. वर्ग अजून भरलेले नसतात, वेळापत्रक हातात आलेलं नसतं, पण नववीत जाणारं पोर सकाळी आठला क्लॅरिनेटची पेटी छातीशी धरून उन्हात उभं असतं. आजूबाजूला शंभरेक मुलं अशी वावरत असतात की जणू यांचा जन्मच इथे झालाय. ही पोस्ट त्या शंभर जणांसाठी आहे: सेक्शन लीडर (एका वाद्याच्या गटाचा म्होरक्या), ड्रम मेजर (पुढे उभं राहून हातांनी ताल दाखवणारा विद्यार्थी) आणि पाण्याच्या टाक्या उचलायला येणारे आईबाबा. मराठी घरांतल्या ज्या पालकांनी असा बँड फक्त फुटबॉलच्या सामन्यात लांबून पाहिलाय, त्यांनाही यातून बरंच कळेल.

स्वागत म्हटलं की फुगे, पिझ्झा, सेक्शनचे टी-शर्ट. होऊ द्या, कोणाची हरकत नाही. पण पहिल्या आठवड्यात पोर बँड सोडायचं म्हणतं, तेव्हा बहुतेकदा कारण अगदी साधं असतं: त्याला कुठे उभं राहायचं कळलं नाही, कोणाला विचारायचं कळलं नाही आणि डबा एकट्याने खावा लागला. तेवढं आपल्या हातात असतं.

तयारी आदल्या दिवशीची. मास्किंग टेपवर जाड मार्करने नाव आणि खाली वाद्य लिहायचं, एक पट्टी छातीवर आणि एक पाठीवर. पाठीवरची विसरू नका; कवायतीत निम्मा वेळ लोक तुमची पाठच बघत असतात. नावाचा उच्चार ज्याचं नाव आहे त्यालाच विचारा आणि टेपवर तसाच फोड करून लिहा. मृण्मयी किंवा ज्ञानेश या नावांचं पहिल्या हजेरीत जे काही होतं, ते चार वर्षं तसंच चिकटून राहतं. आपल्या जिभेला सोपं म्हणून आपण टोपणनाव ठेवायचं नाही. हवं असेल तर पोर स्वतः सांगेल.

दोन नव्यांमागे एक जुना, असं प्रमाण ठीक बसतं. हा जुना सेक्शन लीडर नसलेला बरा. सेक्शन लीडरमागे छप्पन्न कामं असतात आणि बावळट वाटणारे प्रश्न त्याला विचारायला नवीन पोर बिचकतं. दहावीतलं कोणी पकडा. मागच्या वर्षी आपल्याला काय काय कळलं नव्हतं हे त्याला अजून आठवत असतं. त्याने पहिल्या अर्ध्या तासात नव्याला फिरवून आणायचं: वाद्यांचे कप्पे, स्वच्छतागृह, पाणी भरायची जागा, प्रथमोपचाराची पेटी, घरच्यांची गाडी कुठे थांबते ते ठिकाण. आणि जेवणाच्या सुट्टीत जुन्यांनी आपल्या घोळक्यात न बसता विखरून बसायचं. हे सांगून होत नाही. सेक्शन लीडरने आधी उठून नव्यांच्या टेबलावर आपला डबा ठेवावा लागतो, मग बाकीचे येतात.

वाद्यांचा मामला

मिडल स्कूलमध्ये मूल जे वाजवत होतं तेच मैदानावर वाजवेल असं नाही, आणि हे आधी कोणी सांगितलेलं नसतं. फ्रेंच हॉर्नवाल्याच्या हातात मेलोफोन येतो, कारण हॉर्नचं तोंड मागे असतं आणि आवाज प्रेक्षकांऐवजी मागच्या कुंपणाकडे जातो. मेलोफोनची बोटं ट्रम्पेटसारखी पडतात, हॉर्नसारखी नाहीत. त्यामुळे चांगलं वाजवणारं मूलही पहिले दोन दिवस चाचपडतं. त्याला हे कॅम्पच्या आधी सांगा आणि बोटांचा तक्ता द्या. ओबो आणि बॅसून ही वाद्यं मैदानात नेत नाहीत. त्यांची दुहेरी रीड, म्हणजे फुंकायची जोडपट्टी, नाजूक असते आणि चालताना धक्का बसला तर ती टाळूत घुसते. ही मुलं झांजांकडे, कलर गार्डकडे (झेंडे फिरवणारा गट), पुढच्या साइडलाइनवरच्या पिटकडे वळतात, किंवा क्लॅरिनेट, सॅक्सोफोन उचलतात. पिट म्हणजे मरिंबा, व्हायब्राफोन, सिंथेसायझर वगैरे एका जागी उभं राहून वाजवणारा ताफा. पियानो शिकलेल्या मुलांना तिथे हात लगेच बसतो. तबला शिकलेलं मूल ड्रमलाइनकडे, म्हणजे चालत ड्रम वाजवणाऱ्यांच्या रांगेकडे, ओढलं जातं. लयीची समज त्याला उपयोगी पडते, पण काठी धरण्याची सुरुवात शून्यातूनच करावी लागते, आणि हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं तर मन खट्टू होत नाही.

लाकडी क्लॅरिनेट घरी ठेवा. ऊन आणि पावसाच्या फेऱ्यात लाकूड तडकतं, मैदानासाठी प्लास्टिकचं. वाद्य उन्हात तापलेल्या डांबरावर ठेवू नका; चाव्यांच्या पॅडखालचा डिंक सुटतो. वाद्य तापलं की सूर चढतो, ऑक्टोबरच्या थंडीत उतरतो. म्हणून सकाळी एकदा सूर लावून दिवसभर तसंच वाजवत राहणं चालत नाही. माउथपीस अडकला तर पक्कड लावायची नाही. बँड हॉलमध्ये तो ओढायचं खास अवजार असतं. पकडीने नळी पिळवटली की शाळेचं वाद्य महिनाभर दुरुस्तीला.

पहिल्या वॉर्म-अपला एक घोटाळा हमखास होतो. डायरेक्टर म्हणतात, ‘कॉन्सर्ट बी-फ्लॅट’, म्हणजे पियानोवरचा बी-फ्लॅट, आणि नवीन पोर आपल्या कागदावरचा बी-फ्लॅट वाजवतं. बासरीवाल्याचं जमतं, बाकीच्या बऱ्याच जणांचं बिनसतं, कारण त्यांच्या वाद्यात कागदावरचा सूर आणि वाजणारा सूर वेगळा असतो. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटने त्यासाठी आपला सी वाजवायचा, आल्टो सॅक्सोफोनने जी, मेलोफोनने एफ. ही एक ओळ छोट्या कार्डावर लिहून देण्यापलीकडे यात शिकवण्यासारखं काही नाही, पण ते कार्ड नसेल तर पोराला वाटतं आपल्याला वाजवताच येत नाही.

पाऊल

पहिल्या दिवशी सगळं शिकवायची हौस आवरा. सावधान, विश्राम, जागच्या जागी पाय म्हणजे मार्क टाइम, आठ पावलं पुढे, थांबा, आठ पावलं मागे. बस्स. संध्याकाळी घरी जाताना एक गोष्ट नीट जमलेली असली पाहिजे.

बहुतेक बँड जे पाऊल शिकवतात त्याला आठ-ते-पाच म्हणतात: आठ पावलांत पाच यार्ड, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंच. मैदानाच्या एका टोकाच्या गोल लाइनपासून दुसऱ्या टोकाच्या गोल लाइनपर्यंत, म्हणजे शंभर यार्डांत, बरोबर १६० पावलं. सैनिकी पाऊल ३० इंचांचं, म्हणजे त्याच अंतरात सहा. म्हणून आठ-ते-पाच सुरुवातीला सगळ्यांना आखूड वाटतं. उंच मुलं आठवं पाऊल पडायच्या आत रेषा ओलांडून जातात. बुटकी मुलं ताणून चालतात आणि त्यांचे खांदे डुलतात. यावर उपाय एकच: आखलेल्या रेषांवर वाद्याशिवाय शंभरदा चालणं, आणि रेषेवर पंजा येतो की पावलाची कमान, हे बँडने एकदाच ठरवून टाकणं. दोन सेक्शनमध्ये दोन वेगळे नियम असले की ओळ कधीच सरळ येत नाही, आणि मग खापर नव्यांवर फुटतं.

पाऊल टाकायचं ते डाव्याने. टाच आधी, बोटं वर उचललेली, मग पाऊल हळूहळू जमिनीवर लोळवत पंजापर्यंत. टाच टेकते ती बीटवर. दोन बीटांच्या मधोमध, ‘अँड’वर, दोन्ही घोटे एकमेकांजवळून जातात. नव्या मुलांची चूक बहुधा याच ‘अँड’वर असते: पाय लवकर पुढे जातो आणि बीटची वाट बघत हवेत लटकतो. मागे जाताना टाच टेकवायचीच नाही, वजन पंजांवर ठेवून पाय कमरेपासून मागे न्यायचा. पहिल्या दोन दिवसांत पोटऱ्या भरून येतात. तसं होणार हे आधीच सांगा, नाहीतर पोराला वाटतं दुखापत झाली.

हे सगळं कशासाठी, ते दाखवायची सोपी युक्ती आहे. मुलांना एक लांब ‘आऽऽ’ म्हणत आठ पावलं नेहमीसारखं चालायला सांगा. प्रत्येक पावलाला आवाज थरथरतो. मग तेच लोळवलेल्या पावलाने. फरक त्यांच्याच कानांना ऐकू येतो. पायातला हिसका पोटात जातो, पोटातून श्वासात आणि श्वासातून सुरात. याच्यावर वेगळं भाषण लागत नाही.

डॉट

आता खरी गंमत आणि खरी रडारड. मैदानावर प्रत्येक मुलाची प्रत्येक चित्रासाठी एक नेमकी जागा ठरलेली असते, तिला डॉट म्हणतात. चित्र म्हणजे सगळ्यांनी मिळून उभी केलेली आकृती, तिला सेट म्हणतात. एका कार्यक्रमात असे साठ-सत्तर सेट सहज असतात. कागदावर डॉट असा दिसतो: साइड १, ४५ च्या २ पावलं बाहेर, पुढच्या हॅशच्या ६ पावलं मागे. (४५ म्हणजे त्या आकड्याची यार्ड लाइन; ५० ची मैदानाच्या मधोमध असते. हॅशचं खाली सांगतो.)

यात तीन खड्डे आहेत. साइड १ म्हणजे प्रेक्षकांच्या डाव्या हाताचं अर्धं मैदान. प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या मुलाच्या ते उजवीकडे येतं. पहिल्या दिवशी निम्मी नवी मुलं आरशातल्या जागी जाऊन उभी राहतात. दुसरं, ‘आत’ म्हणजे ५० च्या रेषेकडे आणि ‘बाहेर’ म्हणजे गोल लाइनकडे. पुढे-मागे मात्र कायम प्रेक्षकांच्या हिशेबाने: प्रेक्षकांकडे पुढे, पलीकडे मागे, मग मुलाचं तोंड कुठेही असो. तिसरं, दोन यार्ड लाइनमध्ये आठच पावलं असल्याने आत-बाहेरचा आकडा चारच्या वर जात नाही. ‘४५ च्या ६ बाहेर’ असं कोणी वाचलं तर त्याने ओळ चुकवली आहे. ती जागा ४० च्या २ आत अशी लिहिलेली असते.

हॅश म्हणजे मैदानाच्या लांबीला समांतर जाणाऱ्या तुटक खुणा. हायस्कूलच्या मैदानात त्या रुंदीचे तीन सारखे भाग करतात. रुंदी १६० फूट, म्हणजे पुढच्या साइडलाइनपासून हॅश साधारण २८ पावलांवर. कॉलेजच्या मैदानात मात्र हॅश साइडलाइनपासून ६० फुटांवर असतो, म्हणजे ३२ पावलं. स्पर्धा एखाद्या विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये असेल आणि नवीन मूल डोळे मिटून हॅशवर भरवसा ठेवत असेल, तर ते साधारण साडेतीन पावलं, म्हणजे जवळजवळ पावणेसात फूट मागे उभं राहणार. जुन्यांना हे पाठ असतं, म्हणून ते सांगायचं राहून जातं. पहिल्या परगावच्या स्पर्धेआधी सांगा.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो, कारण ‘डॉट बघ आणि जा’ एवढ्याने काही कळत नाही. वर दिलेल्या जागेवरून पुढच्या सेटला जायचंय: साइड १, ४० च्या ४ बाहेर, पुढच्या हॅशच्या २ पुढे, १६ काउंटमध्ये (एका काउंटला एक पाऊल). आडवं अंतर: ४५ च्या २ बाहेरपासून ४० पर्यंत सहा पावलं, पुढे आणखी चार, एकूण दहा. उभं अंतर: हॅशच्या मागे सहा, पुढे दोन, एकूण आठ. तिरकं चालणं झालं जवळजवळ पावणेतेरा पावलांचं, आणि वेळ आहे सोळा काउंटची. म्हणजे पाऊल साडेबावीसऐवजी साधारण १८ इंचांचं पडलं पाहिजे. आता मधला बिंदू काढायचा. आठव्या काउंटला निम्मं अंतर झालेलं असतं: आडवी पाच, उभी चार. म्हणजे ४० च्या १ आत, हॅशच्या २ मागे. ४० ची रेषा ओलांडली जाते नवव्या आणि दहाव्या काउंटच्या मध्ये. मुलाच्या वहीत एवढंच पाहिजे: १८ इंच, आठला ‘४० च्या १ आत, २ मागे’, नऊनंतर रेषा. हे लिहिलेलं मूल सरळ जातं. न लिहिलेलं मूल आधी घाईने मोठी पावलं टाकतं, चार काउंट आधी पोचतं आणि मग जागच्या जागी चुळबुळत बसतं.

वही छोटी, जाड पुठ्ठ्याची, दोरीने गळ्यात किंवा कमरेला. पेन्सिल त्याच दोरीला बांधलेली. फोनवर डॉट दाखवणारी अॅपं आहेत आणि चांगली आहेत, पण भर उन्हात पडदा दिसत नाही, फोन तापून बंद पडतो, आणि नव्या मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेला डॉट त्याच्या डोक्यात राहतो. माझं मत वहीच्या बाजूने आहे. जुन्यांनी काय वापरायचं ते वापरा. नवीन सेट शिकताना जमिनीवर पोकर चिप टाकून जागा खुणावतात, प्रत्येक सेटला वेगळा रंग. वारा असला तर चिपा उडत नाहीत, कागदाचे तुकडे उडतात. दिवसाच्या शेवटी चिपा उचलायचं काम मात्र सगळ्यांनी करायचं, फक्त नव्यांनी नाही.

‘रीसेट’ अशी हाक आली की आधीच्या सेटला धावत, गप्प परत. तिथे पोचल्यावर आधी रेषा आणि हॅश बघून स्वतःची जागा तपासायची, मग शेजारी बघायचा. नवीन मूल उलट करतं. शेजारी चुकीचा उभा असेल तर त्याच्याशी ओळ जुळवतं, मग त्याच्या पलीकडचा याच्याशी जुळवतो, आणि एकाच्या चुकीपायी सहा जण सरकतात. शिकताना डॉट खरा मानायचा. कार्यक्रम सुरू झाला की आकृती खरी. तेव्हा वाकडी ओळ दिसत असेल तर डॉट सोडून ओळीत यायचं. हे दोन नियम वेगवेगळ्या वेळचे आहेत, एका दमात सांगू नका. आकृतीचा नियम सप्टेंबरमध्ये सांगितला तरी चालतो.

कान आणि डोळे

‘बाकीच्यांचं ऐक आणि त्यांच्याबरोबर वाजव’ हा कॉन्सर्ट बँडमधला सल्ला मैदानावर घात करतो. आवाज सेकंदाला साधारण ११२५ फूट जातो. चाळीस यार्डांवरून, म्हणजे १२० फुटांवरून येणाऱ्या आवाजाला सेकंदाचा दहावा भाग लागतो. तालाचा वेग मिनिटाला १६० असेल तर एक बीट सेकंदाच्या तीन अष्टमांशाएवढं. म्हणजे तो आवाज पाव बीटहून जास्त उशिरा कानावर पडतो. मागे उभ्या ट्रम्पेटवाल्याने पुढच्या पिटचं ऐकून वाजवलं, तर त्याचा सूर परत प्रेक्षकांपर्यंत जाताना तेवढाच उशीर पुन्हा होतो. वर बसलेल्या माणसाला स्वच्छ अर्ध्या बीटचा गोंधळ ऐकू येतो आणि वाजवणाऱ्याला आपण अगदी तालात होतो असं वाटत असतं.

म्हणून पाय ड्रम मेजरच्या हातांबरोबर, कान मागे. मागून येणारा आवाज प्रेक्षकांच्याच दिशेने चाललेला असतो, त्याच्याबरोबर वाजवलं तर दोन्ही एकदम पोचतात. पिट सगळ्यात पुढे असल्याने त्यांनी तर मान खाली घालून मागच्या ड्रमलाइनचंच ऐकायचं. नव्यांना हे पटवायला एक प्रयोग: दोन मुलांना मैदानाच्या दोन टोकांना उभं करा, तिसऱ्याने एका टोकाहून टाळी वाजवावी आणि पलीकडच्याने ऐकू येताच हात वर करावा. हात उशिरा वर जातो हे सगळ्यांना दिसतं.

ड्रमलाइनच्या मुलांना पहिल्या दिवसापासून इअरप्लग. ८५ डेसिबलला आठ तास ही अमेरिकेत कामाच्या जागेसाठी सुचवलेली मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. स्नेअर ड्रमच्या रांगेत बंद खोलीत ती मर्यादा चुटकीसरशी ओलांडली जाते. जुनी मुलं लावत नाहीत म्हणून नवी लावत नाहीत. तेव्हा आधी जुन्यांनी लावा.

ऊन

इथे हयगय नको. अंगाला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि उन्हाळाभर एसीत बसलेलं पोर पहिल्या तीन-चार दिवसांत सगळ्यात धोक्यात असतं. सुरुवातीचे दिवस बाहेरचे तास कमी ठेवा, जड सराव सकाळी, भर दुपारी आत संगीत. डांबरी पार्किंग लॉट गवतापेक्षा जास्त तापतो, तेव्हा हवामान ॲपवरचा आकडा खाली पायाशी खरा नसतो.

प्रत्येकाजवळ अर्ध्या गॅलनचा, म्हणजे जवळजवळ दोन लिटरचा जग हवा, नाव लिहिलेला. थोडं थोडं, सारखं प्यायचं. दिवसभर नुसतं पाणीच ढोसलं आणि खाल्लं काही नाही तर अंगातलं मीठ पातळ होतं, आणि त्यानेही डोकं दुखतं, मळमळतं. म्हणून सकाळची न्याहारी टाळलेली चालणार नाही आणि डब्यात काहीतरी खारट असू द्या. पालकांनो, हे काम तुमचं. बुटांचा तळ सपाट असू द्या; जाड टाचेच्या धावायच्या बुटांत पाऊल लोळवता येत नाही. टोपी, सनस्क्रीन, फिकट रंगाचे कपडे.

सावधानमध्ये उभं राहताना गुडघे मागे ताणून कुलूप लावायचे नाहीत. पाय हलले नाहीत की रक्त पायात साचतं, डोक्याला कमी पोचतं, आणि मूल काठीसारखं पुढे कोसळतं, बऱ्याचदा वाद्यासकट. गुडघे किंचित सैल, बुटांच्या आत बोटं आवळत-सोडत राहायची. चक्कर येतेय असं वाटलं तर तिथेच एका गुडघ्यावर बसायचं. परवानगी मागायची नाही. हे वाक्य ड्रम मेजरने पहिल्या सकाळी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणावं, कारण नवीन पोर लाजेपायी पडेपर्यंत उभं राहतं.

आणि एक लक्षण सगळ्यांना पाठ हवं: उन्हात राबलेलं मूल असंबद्ध बोलू लागलं, विनाकारण चिडू लागलं, झोकांड्या खाऊ लागलं, तर ते थकलेलं नाही, तो उष्माघात असू शकतो. ९११ ला फोन, आणि त्याच वेळी गार करायला सुरुवात. बर्फाच्या पाण्याचा टब असेल तर गळ्यापर्यंत टबात, डोकं पाण्याबाहेर धरून. नसेल तर ओले गार टॉवेल, पाणी, वारा. अँब्युलन्स यायची वाट बघत सावलीत नुसतं झोपवून ठेवायचं नाही. दम्याचा पंप, ॲलर्जीचं इंजेक्शन ही औषधं मैदानाच्या कडेला ठेवलेल्या पेटीत हवीत. बँड हॉलमधल्या दप्तरात, कुलपामागे, असून नसून सारखीच.

‘परंपरा’

काही सेक्शनमध्ये नव्यांना ‘आपलंसं’ करायच्या पद्धती असतात: रात्री बोलावणं, काहीतरी खायला लावणं, गाणं म्हणायला लावणं, बसच्या मागच्या भागात काहीबाही. हे सगळं बंद. २०११ मध्ये फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाच्या बँडमधला एक ड्रम मेजर ऑरलँडोमध्ये बसमध्ये झालेल्या अशाच मारहाणीत गेला, आणि त्यात सहभागी असलेल्यांवर फौजदारी खटले चालले. हायस्कूलमधलं त्याचं रूप सौम्य दिसतं, इतकंच. कसोटी सोपी आहे: डायरेक्टर शेजारी उभे असताना हे करता आलं असतं का? आणि ‘मुलाची इच्छा असेल तरच’ ही पळवाट आहे. पहिल्या आठवड्यात नाही म्हणायची ताकद कोणत्या नव्या पोरात असते?

नव्यांनीच सामान वाहायचं, नव्यांनीच शेवटी पाणी प्यायचं, असले नियमही त्यातलेच. सुझाफोन (अंगाभोवती गुंडाळून वाजवायचं अवजड वाद्य) आणि मरिंबा उचलायला चार हात लागतात, ते ज्याचे मोकळे असतील त्याचे.

पैसे, कपडे, पिशवी

फी शाळेगणिक वेगळी. कॅलिफोर्नियात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या हार्टझेल निकालापासून सरकारी शाळांना अशा उपक्रमांसाठी सक्तीची फी घेता येत नाही, फक्त देणगी मागता येते. इतरत्र फी असते, पण सवलत, हप्ते, वापरलेले बूट यांची सोय बूस्टर क्लबकडे, म्हणजे बँडला मदत करणाऱ्या पालकांच्या गटाकडे, बहुधा असते. कोणाला विचारायचं त्या एका माणसाचं नाव पहिल्या पत्रातच छापा, म्हणजे पालकांना सभेत हात वर करून विचारावं लागत नाही. सुझाफोन, मेलोफोन, बॅरिटोन, ड्रम बहुधा शाळाच देते. घेताना अनुक्रमांक आणि आधीचे पोचे यांचा फोटो काढून ठेवा.

गणवेशाच्या मापाला हाफ पँट आणि टी-शर्ट घालून जायचं. पँट खांद्यापर्यंत येणारी असते, तिची लांबी आतल्या बटणांनी किंवा टाक्याने कमी करतात, कापत नाहीत. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कोणाची तरी आहे. मोजे काळे, पोटरीपर्यंत. पांढरा घोट्याएवढा मोजा स्टेडियमच्या दिव्यात शेवटच्या रांगेतूनही लकाकतो. क्लॅरिनेट, बासरीवाल्यांचे हातमोजे बोटांच्या टोकांशी कापलेले असतात.

सेक्शन लीडरच्या पिशवीत नव्यांचं विसरलेलं सगळं असावं: जादा रीड, व्हॉल्व्ह ऑइल, काळ्या मोज्यांच्या दोन जोड्या, केसांच्या पिना आणि रबर, सेफ्टी पिना, इलेक्ट्रिकल टेप, छोटा स्क्रू ड्रायव्हर, ड्रमची चावी, पेन्सिली. कलर गार्डसाठी झेंड्याच्या दांड्याच्या टोकांची रबरी टोपणं वेगळी ठेवा. टोपण गळालं की आत वजनासाठी बसवलेला बोल्ट फिरवताना सुटून भिरभिरत जातो. नव्यांच्या दांड्यांवर दोन्ही टोकांना टेपचे तीन वेढे पहिल्याच दिवशी.

पहिला शुक्रवार

पहिल्या सामन्याच्या रात्री नव्यांना मैदानावरच्या कार्यक्रमापेक्षा प्रेक्षागारातले दोन तास जास्त गोंधळात टाकतात. छोट्या फोल्डरमध्ये गाण्यांचे तीस-चाळीस छोटे तुकडे असतात, ड्रम मेजर बोटांनी आकडा दाखवतो, आणि बाकीचे वाजवून मोकळे होतात तोवर हा अजून पान उलटतोय. आदल्या दिवशी त्याच्या फोल्डरची पानं क्रमाने लावून द्या. स्कोअर झाल्यावर वाजतं ते शाळेचं गाणं त्याला तोंडपाठ हवं. बाकीचं नाही जमलं तर त्या रात्री वाद्य ओठांशी धरून बोटं हलवली तरी चालतं. हाफ-टाइमच्या आधी साधारण दुसऱ्या क्वार्टरची सात-आठ मिनिटं उरली असताना खाली उतरायची हाक येते, आणि स्वच्छतागृहाला जायची नव्यांची आठवण बरोबर तेव्हाच जागी होते. पहिल्या क्वार्टरलाच जोडीदाराने त्याला नेऊन आणावं.

खाली रांग लागली की शाको, म्हणजे गणवेशाची उंच टोपी, डोक्यावर, हनुवटीचा पट्टा बसलाय का ते जोडीदाराने बोट घालून बघायचं. प्लूम, म्हणजे टोपीवरचा तुरा, सगळ्यात शेवटी, हातमोजे घातलेल्या पालकांच्या हातून, रांगेतच. त्याआधी पाणी. प्लूम लागल्यावर मान मागे टाकून बाटली तोंडाला लावता येत नाही.